मॅच कोणाच्या मालकीची?

आज आपण टीव्हीवरच्या खेळाच्या चॅनेलबद्दल बोलणार आहोत. घरात मॅचच्या दिवशी रिमोट आपल्या हाती येत नाही हे खरं. पण ती मॅच आपल्या घरापर्यंत येते कशी, तिचे पैसे कोण कोणाला देतं, हे समजून घेण्यासारखं आहे. त्यात आपल्या बचत गटालाही उपयोगी पडेल असा एक हिशोब आहे.

गोष्ट मुंबईतल्या अंधेरी पश्चिमेची. तिथे हरीश थवानी या उद्योजकाची निंबस कम्युनिकेशन्स ही कंपनी होती. १९८७ मध्ये त्यांनी ती सुरू केली. त्या काळी घरोघरी एकच दूरदर्शन. अशा कंपन्या टीव्हीसाठी कार्यक्रम तयार करायच्या, जाहिरातीची वेळ विकायच्या. पुढे निंबस क्रिकेटच्या व्यवहारात उतरली.

आता तुम्ही म्हणाल, मॅच तर मैदानावर होते, त्यात विकायचं काय? विकला जातो तो दाखवण्याचा हक्क. आपल्या देशात होणारे भारताचे सामने क्रिकेट बोर्ड भरवतं. ते टीव्हीवर कोण दाखवणार, याची बोली लागते.

गावात आंब्याची बाग मोहोरावर देतात, तसंच हे आहे. फळ अजून धरलेलं नसतं. व्यापारी मोहोर बघून आकडा ठरवतो. पुढे गारपीट झाली तरी बागवाल्याला ठरलेले पैसे द्यावेच लागतात.

फेब्रुवारी २००६ मध्ये निंबसने अशी बाग घेतली. चार वर्षांच्या हक्कासाठी बोली लावली ६१ कोटी २० लाख डॉलरची, म्हणजे तेव्हाचे सुमारे २,७०० कोटी रुपये. कंपनीकडे तेव्हा स्वतःचं खेळाचं चॅनेलही नव्हतं. हक्क दुसऱ्याला विकण्यापेक्षा स्वतःच दुकान मांडावं, असं थवानींनी ठरवलं. ऑक्टोबर २००६ मध्ये निओ स्पोर्ट्स हे चॅनेल सुरू झालं.

अशा चॅनेलला दोन वाटांनी पैसे येतात. एक जाहिरातीतून. दुसरी वाट आपल्या केबलच्या महिन्याच्या पैशातून. केबलवाला त्यातला वाटा चॅनेलला देतो. म्हणून चॅनेलवाल्याला वाटतं की मॅच फक्त आपल्याकडेच दिसावी. ती दूरदर्शनवर फुकट दिसली तर केबलचे पैसे कोण भरणार?

इथेच वाद पेटला. जानेवारी २००७ मध्ये वेस्ट इंडीजचा संघ भारतात आला. २१ जानेवारीला पहिला एकदिवसीय सामना आपल्या नागपुरात झाला. मैदान नागपूरचं, पण दूरदर्शनवर तो थेट दिसला नाही. केबल नसलेल्या घरांत मॅच नाही. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं. कोर्टाने सांगितलं की निंबसने चित्र दूरदर्शनला द्यावं, मात्र दूरदर्शनने ते सात मिनिटं उशिरा दाखवावं.

सरकारने फेब्रुवारी २००७ मध्ये वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी कायदा झाला. देशाच्या दृष्टीने महत्त्वाच्या सामन्यांचं थेट चित्र खासगी चॅनेलने दूरदर्शनला द्यायचं. दूरदर्शनला त्यावर जाहिरातीतून जे मिळेल, त्यातले किमान ७५ टक्के हक्कवाल्याला आणि उरलेले दूरदर्शनला. रेडिओसाठी वाटणी निम्मी निम्मी. पैसे ओतणाऱ्याचाही विचार झाला आणि केबल न परवडणाऱ्या घराचाही.

थवानींच्या चॅनेलचं पुढे काय झालं? २००९ मध्ये निंबसने पुढच्या चार वर्षांचे हक्क पुन्हा घेतले. या वेळी एका सामन्याला ३१ कोटी २५ लाख रुपये असा भाव होता. पण आपल्या देशातले सामने वर्षातून मोजकेच दिवस असतात. चॅनेल मात्र बाराही महिने चालवावं लागतं. पगार, उपग्रहाचं भाडं, बोर्डाचे हप्ते थांबत नाहीत. जाहिरात कमीजास्त होते, हप्ता कमीजास्त होत नाही.

डिसेंबर २०११ मध्ये क्रिकेट बोर्डाने करार मोडला. हप्ते थकले, हे कारण बोर्डाने दिलं. निंबसला ते मान्य नव्हतं, वाद कोर्टात गेला. पण हक्क गेले ते गेलेच. एप्रिल २०१२ मध्ये स्टार कंपनीने सहा वर्षांसाठी ३,८५१ कोटींना ते घेतले. ज्या क्रिकेटवर निओचं दुकान उभं होतं, ते क्रिकेटच दुसऱ्याकडे गेलं.

मैत्रिणींनो, यात हसण्यासारखं काही नाही. स्वतःचं चॅनेल नसताना एवढी उडी घेणं, ते उभं करणं आणि काही वर्षं चालवणं हे मोठंच काम. पण हिशोब आपणही मनात ठेवावा. गटाने मोठी ऑर्डर घेतली, जत्रेत गाळा घेतला, यंत्रासाठी कर्ज काढलं, तर आधी दोन रकाने करा. एकात दर महिन्याला जाणारच आहे तो पैसा. दुसऱ्यात येईल असं वाटतं तो पैसा. दुसरा रकाना निम्मा झाला तर पहिला कसा भरायचा, याचं उत्तर सही करण्याआधी मिळायला हवं. सगळी कमाई एकाच गिऱ्हाइकावर असेल तर जास्तच जपायला हवं.

आता एक कामाची माहिती. केबलवर दूरदर्शन लावलं तरी कधी कधी मॅच दिसत नाही, मग आपण केबलवाल्याशी भांडतो. चूक त्याची नसते. सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं की असं मिळालेलं चित्र दूरदर्शनने फक्त स्वतःच्या अँटेना प्रक्षेपणावर आणि डीडी फ्री डिशवर दाखवायचं, खासगी केबलवर नाही. फ्री डिशची छत्री आणि डबा एकदा विकत घ्यावा लागतो, महिन्याचं भाडं नसतं.

जाता जाता आणखी एक. १९९३ च्या हिरो कप क्रिकेटच्या वेळीही मॅच कोणी दाखवायची यावरून भांडण झालं होतं. ९ फेब्रुवारी १९९५ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या खंडपीठावर होते. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची किंवा कोणा एकाची मक्तेदारी नाही, असं त्यात सांगितलं. गावोगावच्या सामुदायिक रेडिओला याच विचाराचा आधार मिळाला. भांडण क्रिकेटचं होतं, पण त्यातून आपल्यालाही बोलायला जागा झाली. ही जागा वापरत राहू या.