बोरोबुदूरच्या दगडांवरील पाहुणे

घरी गोडा मसाला करायचा असला की आई एका पुडीतून काळपट-राखी, चुरगळलेल्या कागदासारखे काहीतरी काढून कढईत टाकते. ते दगडफूल. नाव फूल असले तरी त्याला पाकळ्या नाहीत, परागही नाहीत. ते एक शैवाक होय. आणि शैवाक म्हणजे एकटा सजीव नव्हे, तो दोघांचा संसार आहे. त्यातला एक भागीदार कवक, म्हणजे बुरशीच्या जातीचा. दुसरा बहुधा हिरवे शैवल. कवक घर बांधते, पाणी धरून ठेवते. शैवल उन्हात अन्न तयार करते. सायमन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ साली हा विचार मांडला, तेव्हा मातब्बर शैवाकतज्ज्ञांनी त्याची टर उडविली. पण बरोबर तोच होता!

या भागीदारीमुळे शैवाकाला मातीची गरज उरत नाही. उन्हाने तापलेला उघडा दगडही त्याला चालतो. पाणी संपले की ते वाळून निपचित पडते आणि पावसाची सर येताच पुन्हा कामाला लागते. डोंगरातल्या खडकावर हे सारे ठीक आहे. पण तोच दगड हजार वर्षांपूर्वी कोणा शिल्पकाराने कोरलेला असेल तर?

असा प्रश्न जावा बेटावरील बोरोबुदूर येथे उभा राहिला. इ. स. ८०० च्या सुमारास बांधलेला हा प्रचंड बौद्ध स्तूप. त्याच्या भिंतींवर १४६० कथाशिल्पे आहेत. त्यांत ‘ललितविस्तर’ या संस्कृत ग्रंथातले बुद्धचरित्रही आहे. दगड अँडेसाइटचा, म्हणजे ज्वालामुखीतून आलेला. आपल्या सह्याद्रीतल्या काळ्या दगडाचा जणू चुलतभाऊ. वर उष्ण कटिबंधातला पाऊस. त्यामुळे शेवाळ, नेचे आणि शैवाके यांनी शिल्पांवर ठाण मांडले. कोठे बुद्धाच्या गालावर पांढरा चट्टा, तर कोठे हत्तीच्या सोंडेवर राखी पापुद्रा.

शैवाक दगडाला दोन प्रकारे त्रास देते. त्याचे कवकतंतू दगडाच्या बारीक भेगांत शिरतात. ते भिजले की फुगतात, वाळले की आकसतात. ही ओढाताण वर्षानुवर्षे चालली म्हणजे दगडाचे कण सैल होतात. दुसरे काम रसायनांचे. पुष्कळ शैवाके ऑक्झॅलिक आम्ल तयार करतात. ते दगडातील कॅल्शियमशी संयोग पावते आणि कॅल्शियम ऑक्झॅलेटचा थर साचतो. चुनखडी व संगमरवर यांना या आम्लाची झळ अधिक लागते.

मग खरवडून टाकावे, एवढेच ना? येथेच खरी गोम आहे. कवकतंतू दगडात रुतलेले असल्याने पापुद्रा ओढला की त्याबरोबर दगडाचे कणही निघून येतात. शैवाकाने शंभर वर्षांत केले नसेल एवढे नुकसान तारेचा ब्रश एका दुपारी करू शकतो. शिवाय काही ठिकाणी शैवाकांचा थर पावसाचा मारा स्वतःवर झेलून दगडाचे रक्षण करतो, असेही आढळले आहे. म्हणून सरसकट नियम करता येत नाही. कोणता दगड, कोणते शैवाक, हवा कशी, हे पाहूनच ठरवावे लागते.

बोरोबुदूरला शिल्पेच झाकली जात होती, तेव्हा सफाई अटळ होती. १९७३ ते १९८३ या काळात युनेस्कोच्या साहाय्याने मोठा जीर्णोद्धार झाला. लक्षावधी दगड उतरवून स्वच्छ केले गेले आणि पुन्हा जागच्या जागी बसविले. परंतु माझ्या मते सर्वांत शहाणपणाचे काम वेगळेच होते. स्तूपाच्या पोटात मातीची टेकडी आहे. तिच्यात मुरलेले पाणी भिंतींतून झिरपत असे. ते बाहेर काढण्यासाठी निचऱ्याची व्यवस्था केली गेली. ओल कायम ठेवून नुसती शैवाके मारणे म्हणजे गळके छप्पर तसेच ठेवून फरशी पुसत बसणे! उघड्यावरच्या दगडावर पाऊस पडतच राहणार, त्यामुळे शैवाके तिथे आजही परततात. मारक रसायनांचा उपद्रव माणसांना व मातीलाही होऊ शकतो, म्हणून अलीकडे तेथील संवर्धकांनी सिट्रोनेला गवताच्या सुगंधी तेलासारखे उपाय वापरून पाहिले आहेत.

युरोपात मात्र जुन्या थडग्यांवरील शैवाके कित्येकदा मुद्दाम राखली जातात. थडग्यावर साल कोरलेले असते, त्यामुळे त्यावरचा चट्टा मोजून त्या जातीच्या वाढीचा वेग काढता येतो. खडकावरील पुष्कळ जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. हा वेग कळला की साल न कोरलेला दगड किती काळ उघडा पडला आहे याचाही अंदाज बांधता येतो. रोलांड बेशेल या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास ही पद्धत रूढ केली.

पुढच्या सहलीत एखाद्या गडावर जाल तेव्हा तटाला ब्रश किंवा चाकू लावू नका. संरक्षित वास्तूची सफाई पुरातत्त्व खात्याच्या माणसांनीच करायची असते. बरोबर एक भिंग आणि ड्रॉपर न्या. तटाबाहेरच्या एखाद्या खडकावर वाळलेले राखी शैवाक शोधा आणि त्यावर पाण्याचे दोन थेंब सोडा. वरचा थर भिजून पारदर्शक होतो आणि राखी रंगाखाली लपलेले हिरवे शैवल बघता बघता डोकावू लागते.