समुद्राच्या तोंडाशी गोडे पाणी

ग्रीस देशातल्या क्रीट बेटावर एक लहानशी, एकान्तातली पुळण आहे. तिचे नाव 'ग्लिका नेरा'. ग्रीक भाषेत ग्लिका म्हणजे गोड आणि नेरा म्हणजे पाणी. म्हणजे आपले गोडे पाणी! पाण्यात साखर नसली तरी ते खारे नाही एवढ्यासाठी आपण त्याला गोडे म्हणतो, आणि तिकडचा माणूसही नेमके तेच म्हणतो. पण समोर अथांग खारा समुद्र असताना या जागेला असे नाव पडावे, हे नवल नव्हे का?

क्रीट हे ग्रीसचे सर्वांत मोठे बेट. पूर्व-पश्चिम लांबी सुमारे २६० किलोमीटर. त्याच्या नैर्ऋत्येला स्फाकिया नावाचा मुलूख आहे. पिढ्यान् पिढ्या मेंढ्या-बकऱ्या पाळणारी, काटक माणसे तिथे राहतात. पाठीशी 'लेफ्का ओरी', म्हणजे पांढरे डोंगर. त्यांचे सर्वांत उंच शिखर २४५३ मीटरचे. आपल्या कळसूबाईहून आठशे मीटरने उंच. हा डोंगर पायऱ्या न करता थेट समुद्रात उतरतो, त्यामुळे किनाऱ्याने सडक काढायला जागाच उरत नाही. होरा स्फाकियोन हे तिथले बंदराचे गाव. त्याच्या पश्चिमेला लूत्रो नावाची वस्ती आहे, तिथे आजही मोटार जात नाही. या दोन्हींच्या मधे आपली पुळण.

जायचे तर दोन वाटा. उन्हाळ्यात होरा स्फाकियोनहून लहान नाव मिळते. नाहीतर कड्यात कोरलेली पाऊलवाट. एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला खाली समुद्र, आणि तासाभराच्या चालीत सावलीचे नाव नाही. ज्याला उंचीवर घेरी येते त्याने मुकाट्याने नावेत बसावे हे बरे.

पोहोचल्यावर पहिल्या नजरेला विशेष काही दिसत नाही. वाळू नाहीच, सगळे गुळगुळीत गोटे. मागे उंच कडा, थोडी झाऊची झाडे, पुढे निळेशार पाणी. पण लाटेपासून चार पावलांवर बसून हाताने गोटे बाजूला करावेत. वीतभर, हातभर उकरले की तळाशी पाणी पाझरू लागते. गढूळपणा बसू द्यावा आणि ओंजळभर तोंडात घ्यावे. थंडगार, आणि मिठाचा लवलेश नाही! उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात आपल्या बायाबापड्या झिरे उकरतात ना, तशीच ही तऱ्हा. फरक इतकाच की इथे झिऱ्याला समुद्राची लाट शिवायला येते. पोहायला उतरले तरी मधेच गार पाण्याचा पट्टा अंगाला लागतो.

हे पाणी येते कुठून? वर, त्या पांढऱ्या डोंगरातून. क्रीटमध्ये पाऊस हिवाळ्यात पडतो आणि शिखरांवर बर्फ साठते. ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकते. डोंगर चुनखडीचा. आपला काळा पाषाण पाण्यात विरघळत नाही. त्याच्या भेगांत आणि मुरमात जेवढे मावेल तेवढेच पाणी राहते. चुनखडी मात्र पावसाच्या पाण्याने हळूहळू विरघळते. हजारो वर्षांत भेगांची भुयारे होतात. याच डोंगरातले गुर्गुथाकास नावाचे विवर माणसांनी उतरून मोजले आहे. ते १२०८ मीटर खोल भरले! अशा डोंगरावर पडलेले पाणी ओढ्याने वाहत नाही, पोटात शिरते आणि थेट समुद्राच्या पातळीशी बाहेर निघते. म्हणून तिथल्या घळी उन्हाळ्यात कोरड्या ठणठणीत, आणि खाली गोट्यांत मात्र पाणी.

आता खारे पाणी त्यात शिरत कसे नाही? गोडे पाणी हलके, खारे थोडे जड. चाळीस फूट खाऱ्या पाण्याचे जे वजन, तेच एकेचाळीस फूट गोड्या पाण्याचे. म्हणून जमिनीत गोडे पाणी खाऱ्यावर तरंगून राहते. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडे पाणी उभे असेल तर खाली चाळीस फुटांपर्यंत ते खाऱ्याला दाबून धरते. हिशेब उलटा करून पाहा. वरची पातळी एक फूट उतरली की खालून खारे पाणी कालांतराने चाळीस फूट चढते. ग्रीसच्याच आर्गोस भागात संत्र्यांच्या बागांसाठी विहिरींचा उपसा वाढत गेला आणि किनाऱ्याकडच्या विहिरी खारावल्या. आपल्या कोकणातही खाडीकाठच्या विहिरीवर पंप बसवताना हा चाळिसाचा पाढा कोणी म्हणून पाहत नाही.

क्रीटमध्येच याचे दुसरे टोक पाहायला मिळते. इराक्लियो शहराजवळ एक मोठा झरा आहे. नाव 'अल्मिरोस', म्हणजे खारट! तोही चुनखडीच्या डोंगरातूनच येतो, आणि पाणी मुबलक. पण त्याच्या वाटा समुद्रपातळीच्या खूप खालून जातात आणि तिथे समुद्र आत शिरतो. हिवाळ्यात पावसाचा लोट जोरात आला तर थोडे दिवस पाणी गोडे होते, एरवी मचूळ. पातळी उंचावून समुद्राला मागे रेटावे म्हणून बांध घालून पाहिला, पण खारटपणा गेला नाही. एवढे पाणी शहराच्या दाराशी आणि शेताला देता येत नाही, म्हणजे केवढी चुटपुट!

तेव्हा ग्लिका नेराच्या ओंजळभर पाण्याचे मोल वर साचणाऱ्या बर्फावर आहे. आणखी एक गोष्ट. माती पाणी गाळते, चुनखडीची भुयारे गाळत नाहीत. डोंगरावरच्या विवरात कोणी मेलेले जनावर टाकले तर त्याची घाण खाली झऱ्यात उतरू शकते.

पुळणीवर हल्ली उन्हाळ्यात एक छोटे उपाहारगृह चालते. कड्यावरून दगड सुटतात, म्हणून त्याच्या अगदी पायथ्याशी पथारी टाकू नये. परतीची शेवटची नाव कधी सुटते ते उतरतानाच विचारून ठेवावे. वारा उठला तर ती येत नाही आणि मग कड्यातली वाटच धरावी लागते. तेवढ्यासाठी बाटली झिऱ्यावर भरून घ्यावी.