हाक मारू नका, तुम्हीच पलीकडे जा!

शाळा सुटायची वेळ. फाटकासमोर रिक्षा, व्हॅन, स्कूटर यांची ही गर्दी! उन्हात कशाला उभं राहायचं, म्हणून मी शाळेसमोरच्या बाजूला झाडाच्या सावलीत थांबले होते. चिरंजीव फाटकातून बाहेर आले आणि मी सवयीनं हात उंचावून हाक मारली, "अरे, मी इकडे आहे!"

झालं! दप्तर सावरत तो सरळ माझ्याकडे धावत सुटला. करकचून ब्रेक लागला. एक स्कूटर त्याच्यापासून जेमतेम हातभर अंतरावर थांबली. स्कूटरवाला मलाच म्हणाला, "बाई, पोराला हाक कशाला मारलीत?" तेव्हा राग आला, पण घरी आल्यावर पटलं, चूक माझीच होती.

मैत्रिणींनो, आई दिसली की मुलाला मधला रस्ता दिसत नाही. त्यातून त्याची उंची ती केवढी! उभ्या गाड्यांच्या आडून त्याला रस्ता दिसत नाही आणि गाडीवाल्याला तो दिसत नाही. ताशी 36 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात 10 मीटर पुढे येते. हा अंदाज लहान मुलांना कुठून यावा? तेव्हा एवढं कराच:

1. नेहमी शाळेच्याच बाजूला उभ्या राहा. उशीर झाला तर फाटकाच्या आत थांबायचं, हे मुलाला आधीच सांगून ठेवा.

2. लहान मुलाचं बोट नव्हे, मनगट धरा. बोट पटकन सुटतं.

3. आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे पाहायला शिकवा. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे जवळची गाडी उजवीकडूनच येते.

4. बसमधून उतरल्यावर तिच्या पुढून किंवा मागून लगेच धावायचं नाही. बस निघून जाऊ द्यायची.

5. पावसाळ्यात रेनकोटची टोपी मागे सारूनच रस्ता बघायचा. ओल्या रस्त्यावर गाडी लवकर थांबत नाही.

आणि हो, मोबाईलवर बोलत आपणच वाहनांमधून वाट काढली, तर मूलही तेच शिकणार!

मी आता रोज मुलाला म्हणते, "आज तू मला पलीकडे ने." स्वारी ऐटीत थांबते, उजवीकडे-डावीकडे बघते आणि हुकूम सोडते, "आई, थांब! रिक्षा येतेय." मी मुकाट्यानं थांबते.