साठीनंतर मोटरसायकलवरून: श्रीनगर ते कन्याकुमारी

राष्ट्रीय महामार्ग 44 श्रीनगरहून निघतो आणि सुमारे 3,700 किलोमीटर धावून कन्याकुमारीला समुद्रापाशी संपतो. देशातला हा सगळ्यात लांब राष्ट्रीय महामार्ग. निवृत्त झालेल्या चार-पाच मित्रांनी आपापल्या गाड्या काढून हा रस्ता पुरा करावा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी अंगात पंचविशीची रग लागत नाही. दिवस छोटा ठेवायचा आणि तो छोटाच राहील याची सगळ्यांनी मिळून काळजी घ्यायची, एवढं जमलं की पुरे.

दिवसाचं गणित

दिवसाला 250 किलोमीटर धरा. थांबे वगळता ताशी 45 ते 50चा सरासरी वेग पडतो, म्हणजे प्रत्यक्ष गाडीवर साधारण साडेपाच तास. दर 60-70 किलोमीटरला पंधरा-वीस मिनिटं उतरायचं, एकदा नीट जेवायचं. सकाळी सातला निघालात तर दुपारी तीनच्या सुमारास मुक्कामी पोचता. या हिशेबाने गाडी चालवण्याचे पंधरा दिवस होतात. दर चौथ्या दिवसानंतर एक दिवस पूर्ण विश्रांती धरली की सगळा प्रवास तीन आठवड्यांच्या आत बसतो.

अंधार पडायच्या आत मुक्काम गाठायचाच. वयानुसार डोळ्यांना समोरच्या दिव्यांच्या झोतातून सावरायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात गाडी बरंच अंतर कापून गेलेली असते.

कधी निघायचं

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा उत्तम. तोवर उत्तरेतला पाऊस ओसरत आलेला असतो, पंजाब-हरियाणातलं दाट धुकं अजून दूर असतं. तुम्ही जसजसे दक्षिणेला सरकता, तसतसा पाऊसही मध्य भारतातून मागे हटत जातो. तमिळनाडूत मात्र ऑक्टोबरच्या उत्तरार्धात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. त्याच्या आत कन्याकुमारी गाठायची, म्हणून निघण्याची तारीख पुढे ढकलायची नाही.

गाड्या रेल्वेच्या पार्सलने जम्मूपर्यंत पाठवता येतात. पाठवताना टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसी बुक आणि ओळखपत्राच्या प्रती लागतात, गाडी गोणपाटात बांधून घ्यावी लागते. जम्मूहून श्रीनगरला चढायला दोन दिवस ठेवा. रामबन-बनिहाल पट्ट्यात दरडी कोसळतात आणि वाहतूक कधीकधी एकाच दिशेने सोडतात, म्हणून निघण्यापूर्वी वाहतूक पोलिसांची सूचना पाहायची. या वाटेवर चेनानी-नाशरी हा नऊ किलोमीटरहून लांब आणि बनिहाल-काझीगुंड हा सुमारे साडेआठ किलोमीटरचा बोगदा लागतो. आत शिरण्यापूर्वीच गॉगल काढून ठेवा. बाहेरच्या राज्यातली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, तेव्हा निदान दोघांकडे तरी पोस्टपेड असू द्या.

कोणती गाडी

जी गाडी चढावर एकट्याने मागे ढकलता येते आणि जिच्यावर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकतात, ती तुमची गाडी. साडेतीनशे सीसीची गाडी 180-195 किलोची असते. हमरस्त्यावर ती छान स्थिर चालते, पण लॉजच्या उतारावर वळवताना कंबरेची परीक्षा घेते. तब्येत नाजूक असेल तर दीडशे सीसीची गाडीही हा रस्ता सहज पुरा करते. गटात शक्यतो एकाच कंपनीच्या गाड्या असाव्यात, म्हणजे क्लच वायर, ॲक्सिलरेटर वायर, प्लग, लिव्हर आणि ट्यूब सगळ्यांना मिळून एकच संच पुरतो.

रोज सकाळी टायर गार असतानाच हवा तपासायची. दर 500 किलोमीटरला चेनला वंगण आणि तिचा ताण पाहायचा. नागपूर साधारण मध्यावर येतं. तिथे विश्रांतीचा दिवस ठेवून गाड्या सर्व्हिसिंगला टाका: ऑइल, ब्रेक शू, चेन.

शरीराची देखभाल

निघण्याच्या दोन महिने आधी डॉक्टरांना सगळा बेत सांगा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते, आणि सारखं उतरायला नको म्हणून अनेकजण पाणीच पीत नाहीत. त्यातून थकवा येतो, पायात गोळे येतात, लक्ष उडतं. पाणी प्यायचं आणि बिनदिक्कत थांबायचं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने जेवणाची वेळ टाळायची नाही, गाडीवर बसण्यापूर्वी साखर मोजायची आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची. इन्सुलिन उन्हात तापणाऱ्या डिकीत ठेवायचं नाही. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी झोप येते. तशी गोळी घेतली तर त्या दिवशी मुक्काम. प्रत्येकाच्या औषधांची यादी बाकीच्यांच्या खिशातही असावी.

रस्त्यावरची रांग

पुढे असतो तो रस्ता जाणणारा आणि वेग न वाढवणारा. त्याच्यामागे गटातला सगळ्यात संथ चालवणारा, म्हणजे आपोआप त्याचाच वेग सगळ्यांचा होतो. सगळ्यात शेवटी हत्यारं बाळगणारा आणि गाडी दुरुस्त करता येणारा. सरळ रस्त्यावर एक डावीकडे, एक उजवीकडे असं चालायचं, वळणावर आणि घाटात मात्र एकामागे एक. पुढच्या गाडीपासून निदान दोन सेकंदांचं अंतर. वळायच्या फाट्यावर मागचा आरशात दिसेपर्यंत थांबायचं. हे पाळलं तर फोन लागला नाही तरी कुणी चुकत नाही.

उत्तरेपेक्षा दक्षिणेत रस्ता मोकळा मिळतो. पांढरकवड्याच्या पुढे पैनगंगा ओलांडली की तेलंगण सुरू होतं, मग निर्मलजवळ गोदावरी, कर्नूलला तुंगभद्रा, नामक्कल आणि करूरच्या मध्ये कावेरी. शेवटच्या टप्प्यात वल्लियूरच्या पुढे पवनचक्क्या दिसू लागल्या की वेग कमी करा. तिथला आडवा वारा हलक्या गाडीला लेनमधून सरकवतो.

कागद आणि पैसे

पंचावन्न ओलांडल्यावर परवान्याचं नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं आणि त्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, म्हणून मुदत आधी पाहा. विमा, पीयूसी, आरसी डिजिलॉकरमध्ये ठेवा. दुचाकीला राष्ट्रीय महामार्गावर टोल नाही. मदतीसाठी 112 आणि महामार्गाचा 1033 हे नंबर फोनमध्ये साठवा. खर्चासाठी सगळ्यांनी सारखी कॉन्ट्री काढायची आणि खजिनदार एकच नेमायचा.

रंगीत तालीम आणि एक करार

महिनाभर आधी सगळ्या सामानासह तीन दिवसांची सफर करा. पुणे-महाबळेश्वर-कोल्हापूर आणि परत, एवढी पुरेशी आहे. कुणाची पाठ धरते, कोण ओव्हरटेक करताना घाई करतो, कुणाला घोरण्यामुळे वेगळी खोली हवी, हे तिथेच कळतं.

त्या सफरीच्या शेवटच्या रात्री एक करार लिहून घ्या: कोणीही, कधीही "आज थांबू" म्हणाला तर सगळे थांबतील आणि कारण विचारणार नाहीत. साठीनंतर माणूस दुखणं लपवतो ते बहुतेकदा मित्रांचा बेत आपल्यामुळे बिघडेल या भीतीने, आणि अपघात त्या लपवण्यातून होतात. हा करार ती भीती काढून टाकतो. नागपूरला एखाद्याला वाटलं की आता पुरे, तर त्याची गाडी पार्सलने आणि तो रेल्वेने घरी जाईल, अशी सोय आधीच करून ठेवा. बाकीचेही कन्याकुमारीहून तसेच परततील. ज्या गटाला हा करार मान्य आहे त्याने तारीख ठरवावी; ज्याला मान्य नाही त्याने आधी आणखी एक छोटी सफर करावी.