घरांतील चित्रपटगृह

१९३१ सालीं अ‍ॅलन ब्लमलीन या इंग्रज अभियंत्यानें दोन मार्गांनीं ध्वनि नेण्याच्या युक्तीचें पेटंट मागितलें. त्या वेळच्या बोलपटांत नट पडद्याच्या एका कडेहून दुसऱ्या कडेस गेला, तरी त्याचा आवाज जागचा हलत नसे. मुख जेथें, तेथूनच शब्द यावा, हा त्या युक्तीचा हेतु होता. घरांतील चित्रपटगृहाचें मर्महि हेंच आहे.

आजच्या रूढ मांडणींत पांच स्पीकर, म्हणजे कर्णे, आणि मंद्र स्वरांसाठीं एक निराळा कर्णा असतो. मधला कर्णा मुख्यतः संवादांचा. तो पडद्याला लागून, श्रोत्याच्या कानांकडे वळवून ठेवावा. त्याच्या डावी-उजवीकडे ३० अंशांवर एकेक, आणि श्रोत्याच्या किंचित् मागें, ११० अंशांच्या सुमारास, उरलेले दोन असावे. एक मीटर जावयास आवाजाला सुमारें ३ सहस्रांश सेकंद लागतात. म्हणून प्रत्येक कर्ण्याचें अंतर मोजून यंत्रांत नोंदवावें.

मोकळ्या भिंती व उघडी फरशी आवाज परतवितात. त्यानें शब्द पुसट होतात. जाड पडदे व सतरंजी यांनीं जें साधतें, तें महाग यंत्रानें साधेलच असें नाहीं. दुकानांत मात्र वॉटचे मोठे आंकडे सांगितले जातात. घरांतील वडीलधारें माणूस ‘काय म्हणाला?’ असें विचारीतच राहिलें, तर ते आंकडे काय कामाचे? खरेदीपूर्वीं त्यांनाच समोर बसवून एखादा संवाद ऐकवावा. त्यांना शब्द नि शब्द कळला, कीं निवड योग्य झाली असें समजावें.