नोंदींची वहिवाट

बँकेच्या नोकरीतली सुरुवातीची वर्षे ज्या शाखेत गेली, तिथली रेकॉर्ड रूम म्हणजे कुबट वासाची, अंधारी खोली होती. लाल फडक्यात बांधलेली बाडे, वाळवीने खाल्लेले कोपरे आणि पुठ्ठ्यावरची पुसट अक्षरे. एकदा एक वृद्ध बाई दिवंगत पतीच्या मुदत ठेवीची जुनी पावती घेऊन आल्या. ठेवींची लेजरे मी दोन दिवस चाळली. नोंद काही मिळेना. अखेर आमचे दफ्तरी काका म्हणाले, "साहेब, तिथं कशाला शोधताय? आधीच्या साहेबांनाही असल्या पावत्यांची नोंद संड्री डिपॉझिटच्या बाडातच मिळाली होती." त्यांनी बाड काढून दिले आणि तासाभरात बाईंचे काम झाले.

काकांना जमाखर्च कळत नव्हता. पण कोणते बाड कोणी, कशासाठी काढले होते, हे त्यांच्या पक्के ध्यानात असे. पृथ्वीचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांना आज नेमका असा दफ्तरी हवा आहे.

कारण त्यांची रेकॉर्ड रूम अफाट आहे. पाऊस, समुद्राचे तापमान, जमिनीतील ओल, हवेतील धूळ यांच्या नोंदी उपग्रह अहोरात्र करीत असतात. एकट्या 'नासा'चा पृथ्वीविषयक साठा १०० पेटाबाइटच्या पुढे गेला आहे. एक पेटाबाइट म्हणजे दहा लाख गिगाबाइट. या साठ्यात हजारो बाडे आहेत आणि त्यांची नावे बहुधा यंत्रांच्या आद्याक्षरांवरून पडलेली. शोधणारा येतो तो आपला प्रश्न घेऊन. बाडावर नाव असते यंत्राचे. दोघांची गाठ पडायची कशी?

'ग्रेस' मोहिमेचेच पाहा. मराठी वाचकाला या नावाने कवी आठवतील, पण ही होती उपग्रहांची जोडी. अमेरिका आणि जर्मनी यांनी मार्च २००२ मध्ये ती सोडली. सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून एकामागून एक धावणाऱ्या या उपग्रहांचे काम एकच: आपापसातील अंतर अतिसूक्ष्म अचूकतेने मोजत राहायचे. खाली वस्तुमान अधिक असेल तर पुढचा उपग्रह आधी ओढला जातो आणि अंतर किंचित बदलते. त्यावरून पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण कुठे किती, याचा नकाशा तयार होतो.

आता पाणी हेही वस्तुमानच. जमिनीखालचे पाणी उपसले की तिथली ओढ कणभर कमी होते. हा धागा पकडून २००९ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने दाखवले, की राजस्थान, पंजाब आणि हरियाणा या पट्ट्यातून ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाले. आपल्या हिशेबात सांगायचे तर सुमारे ३,८५० टीएमसी. आपले कोयना धरण काठोकाठ भरते तेव्हा त्यात १०५ टीएमसी पाणी असते!

एखाद्या तरुण संशोधकाने 'भूजल' हा शब्द घेऊन शोध सुरू केला, तर 'गुरुत्वाकर्षण' असे नाव असलेले बाड तो उघडेल कशाला? पण यापूर्वी भूजलाच्या अभ्यासकांनी ते वापरले आहे, एवढे कोणी त्याला सांगितले की काम झाले. अमेरिकेच्या लष्करी हवामान उपग्रहांचीही अशीच गोष्ट आहे. रात्रीचे ढग टिपण्यासाठी केलेल्या त्यांच्या यंत्राने गावोगावचे दिवेही टिपले. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्याच दिव्यांवरून देशांच्या विकासाचा अंदाज बांधला.

म्हणून आता नोंदींच्या वापराचीच नोंद ठेवण्याचे प्रयत्न चालले आहेत. कोणत्या शोधनिबंधाने कोणते बाड, कोणत्या प्रश्नासाठी, कोणत्या प्रदेशाकरिता वापरले, याचे धागे संगणक जोडत जातो. मग 'महापूर' किंवा 'दुष्काळ' असे विचारले, की त्या प्रश्नावर आधी काम केलेल्यांनी वापरलेली बाडे समोर येतात आणि सोबत निबंधांची साक्षही असते.

अडचण आहे ती माणसांच्या सवयीची. निबंधात दुसऱ्याच्या ग्रंथाचा उल्लेख न करणे गैर मानले जाते. पण ज्या नोंदींवर सगळा डोलारा उभा, त्यांची बोळवण अनेकदा 'उपग्रहाची माहिती वापरली' एवढ्या मोघम वाक्यावर होते. अशा नोंदींना कायमचे ओळख क्रमांक देण्यासाठी २००९ मध्ये 'डेटासाइट' ही संस्था स्थापन झाली. क्रमांक मिळाला, तरी तो लिहायचा कोणी? ज्याने वापरले त्यानेच. मागून येणाऱ्यासाठी एवढी खूण ठेवणे हा साधा शेजारधर्म आहे.

एक धोका मात्र विसरू नये. वहिवाटीची वाट सोपी, म्हणून सारे तिनेच जातात आणि न मळलेल्या वाटेवर गवत माजते. अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये जगापुढे मांडला, तो जमिनीवरून केलेल्या मोजणीच्या आधारे. 'निम्बस ७' या उपग्रहानेही ते कमी झालेले आकडे टिपले होते; पण इतके कमी आकडे संशयास्पद ठरवून संगणकाने ते बाजूला काढले होते. पुन्हा तपासल्यावर त्याच नोंदींत ओझोनचे विवर स्पष्ट दिसले. तेव्हा आधी कोणी काय वापरले, हे जरूर विचारावे. पण जे कोणीच उघडले नाही, त्यावरची धूळही अधूनमधून झटकावी.

दफ्तरी काका निवृत्त झाले, तेव्हा शाखेने त्यांना शाल-श्रीफळ दिले, फोटो काढला. त्यांच्या डोक्यातली यादी कागदावर उतरवून घ्यावी, हे मात्र आम्हा शिकलेल्यांपैकी कोणालाही सुचले नाही. पुढे तशीच एक पावती आली, तेव्हा मी पुन्हा पहिल्या लेजरपासून सुरुवात केली.