मरणाचे कारण : ताप

2023च्या अखेरीस राज्यभरच्या तहसील कचेऱ्यांतून जुन्या दप्तरांचे गठ्ठे सुटले. मराठा आरक्षणाच्या प्रश्नात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीला कुणबी नोंदी हव्या होत्या, आणि त्या सापडण्याची शक्यता ज्या कागदांत होती त्यांत गाव नमुना 14 होता. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. गावात कोण जन्मले, कोण मेले, याची ही नोंदवही. जुनी पाने मोडीत, त्यामुळे मोडी वाचणाऱ्यांना अचानक भाव आला. सगळ्यांची बोटे जातीच्या रकान्यावरून फिरत होती. त्याच ओळीत मरणाच्या कारणाचाही रकाना होता, त्याच्याकडे बघायची कोणाला गरज नव्हती.

त्या रकान्याची बेरीज करून ब्रिटिश सरकार दरवर्षी आरोग्य खात्याचा अहवाल छापत असे. वर्गवारी मोजकीच: पटकी, देवी, प्लेग, हगवण, ताप, श्वसनाचे विकार, इजा-अपघात आणि बाकीचे सगळे. नोंद करणारा डॉक्टर नव्हता. तो पोलीस पाटील होता, चौकीदार होता, कुलकर्णी होता. पटकीचा आणि देवीचा रोगी त्याला ओळखता यायचा. उरलेल्यांत अंग तापले होते एवढे घरच्यांनी सांगितले की पुरे. वर्षानुवर्षे ब्रिटिश हिंदुस्थानातल्या निम्म्याहून अधिक मृत्यूंपुढे ‘ताप’ हेच कारण आहे. हिवताप, विषमज्वर, क्षय, न्यूमोनिया, बाळंतरोग, सगळे त्या दोन अक्षरांत जाऊन बसले. आपल्या देशात माणसे कशाने मरत आली याचा इतिहास लिहायचा तर सुरुवात या तापापासून करावी लागते. आणि रोग जितके बदलले, तितकाच तो रकाना भरणारा हातही बदलत गेला, हे विसरून चालत नाही.

1918चा इन्फ्लुएन्झा याचे सर्वांत मोठे उदाहरण. जून महिन्यात तो मुंबई बंदरात उतरला आणि पावसाळा संपताना त्याची दुसरी, खरी मारक लाट देशभर पसरली. इन्फ्लुएन्झासाठी गावच्या वहीत वेगळा रकाना नव्हताच, त्यामुळे ते मृत्यूही बहुतेक तापातच जमा झाले. आकडा नंतर अंदाजाने काढावा लागला: कोणी 1 कोटी 20 लाख म्हणते, कोणी 2 कोटींच्या घरात नेते. 1911च्या जनगणनेत आजच्या भारताच्या भूभागावर सुमारे 25.2 कोटी लोक होते, 1921मध्ये 25.1 कोटी. जनगणना सुरू झाल्यापासून लोकसंख्या घटलेले हे एकमेव दशक. त्या काळी सरासरी आयुर्मान वीस वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ माणसे विशीत मरत होती असा कोणी घेऊ नये. दर चार-पाच बाळांतले एक पहिला वाढदिवस बघत नव्हते, ती सरासरी त्या बाळांनी खाली ओढलेली होती.

प्लेगबद्दल मात्र आपल्याला सगळे पाठ आहे. 1896च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासियो व्हिएगस यांनी केलेले निदान, हाफकिनची लस, पुण्यातला रँडचा कारभार, 10 मार्च 1897 रोजी प्लेगने गेलेल्या सावित्रीबाई. प्लेगने पंचवीस वर्षांत 1 कोटीहून अधिक माणसे नेली, त्यामुळे त्याचा दरारा साहजिक होता. पण सरकार हादरले ते व्यापार बंद पडेल म्हणून, परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना उभे करणार नाहीत म्हणून. हिवतापाने आणि हगवणीने मरणाऱ्यांपायी कोणाचे जहाज अडत नव्हते. माझ्या मते त्या काळातला खरा घोटाळा हाच: गाजलेल्या रोगांपेक्षा न गाजलेल्यांनी जास्त माणसे मारली.

दुष्काळाचेही तेच. दुष्काळात माणसे भुकेने मरतात असे आपण म्हणतो, दप्तर तसे म्हणत नाही. 1876-78च्या दुष्काळात दख्खन आणि दक्षिण हिंदुस्थान मिळून अर्ध्या कोटीहून अधिक माणसे गेली असा अंदाज आहे. पण मृत्यूंचा कडेलोट पाऊस परतल्यावर झाला, साचलेल्या पाण्यात डास वाढले आणि पोटात अन्न नसलेल्या शरीरांना हिवतापाने गाठले तेव्हा. वहीत कारण पुन्हा तापच. बंगालमध्ये 1943 साली पटकी आणि हिवतापाने तेच केले. म्हणूनच 1972चा महाराष्ट्र मला फार महत्त्वाचा वाटतो. सलग वर्षे पाऊस गेला, विहिरी आटल्या, जनावरे गेली. तरीही माणसांच्या मरणाचा तसा डोंगर उभा राहिला नाही. लाखो लोक पाझर तलावाच्या आणि रस्त्यांच्या कामावर होते, मुलांना सुकडी मिळत होती, रेशनवर अमेरिकेचा लाल मिलो होता. त्या मिलोला म्हातारी माणसे आजही नावे ठेवतात. नावे ठेवायला ती जगली, हे मिलोच्या खात्यावर जमा करायला हवे.

रोग आटोक्यात आले ते एका दमात नाही. देवीचे निर्मूलन ही निर्भेळ यशाची गोष्ट. 1974 साली बिहारसह देशात देवीने 15 हजारांवर बळी घेतले, आणि 1975च्या मे महिन्यानंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. हिवतापाने मात्र आपल्याला चांगलेच खेळवले. स्वातंत्र्याच्या वेळी वर्षाला साडेसात कोटी रोगी आणि 8 लाख मृत्यू असा अंदाज होता. 1953 पासून घरोघर डीडीटी फवारली गेली आणि 1965पर्यंत रोगी लाखभरावर आले. जिंकलो असे समजून यंत्रणा सैल पडली, डासही डीडीटीला सरावले, आणि 1976 साली आकडा 64 लाखांवर गेला.

सर्वांत मोठा फरक पडला तो लहान मुलांत. 1971 साली हजार जन्मांमागे 129 बाळे वर्षाच्या आत दगावत, 2023मध्ये 25. बाळंतपणातले मृत्यू लाखामागे 1997-98 साली 398 होते, ते अलीकडच्या अहवालात 88वर आले. लसी, मीठ-साखर-पाणी, दवाखान्यातली बाळंतपणे, आयांचे शिक्षण, प्रत्येकाचा यात वाटा आहे. पण गडचिरोलीचे उदाहरण सोडून पुढे जाता येत नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच बायकांना शिकवले: बाळाचा श्वास मोजायचा, वजन करायचे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायची, वेळ आली तर इंजेक्शनही द्यायचे. तीन वर्षांत त्या गावांतले नवजात मृत्यू हजारी 62 वरून 25वर आले. 1999 साली हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि पुढे आशा कार्यकर्त्यांच्या घरभेटींचा राष्ट्रीय कार्यक्रम याच वाटेने गेला. ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने तर सरकारी वहीतले बालमृत्यू प्रत्यक्षापेक्षा किती कमी आहेत तेही दाखवून दिले.

त्याच गडचिरोलीत 2011 ते 2013 या काळात 86 गावांतल्या मृत्यूंची कारणे तपासली गेली. 1,599 मृत्यू. त्यांत पहिला क्रमांक कशाचा असावा? हिवताप, क्षय, कुपोषण अशी उत्तरे आपल्या ओठावर येतात. पहिला होता पक्षाघात: 229 मृत्यू, शंभरात चौदा. जंगलपट्टीत, शेतमजुरी करून खाणाऱ्या माणसांत. पक्षाघातामागचा रक्तदाब ही शहरी, बसून काम करणाऱ्यांची व्याधी या समजुतीची त्या एका आकड्याने वाट लावली.

हे कळले कसे, तर मेलेल्याच्या घरी जाऊन विचारल्याने. हीच पद्धत देशपातळीवर रजिस्ट्रार जनरलच्या कार्यालयाने आणि डॉ. प्रभात झा यांच्या गटाने ‘दशलक्ष मृत्यू अभ्यासा’त वापरली. डॉक्टर नसलेला प्रशिक्षित पाहणी करणारा घरी जातो. छातीत दुखत होते का, किती दिवस, सूज होती का, तंबाखू खायचे का, असे प्रश्न विचारतो आणि घरच्यांच्या शब्दांत, त्यांच्या भाषेत अर्धे पान हकीकत लिहून घेतो. दोन डॉक्टर एकमेकांना न विचारता त्यावरून कारण ठरवतात. एकमत झाले नाही तर तिसरा ज्येष्ठ डॉक्टर निकाल देतो. पद्धत बिनचूक नाही. पण पाटलाच्या ‘तापा’पेक्षा ती कितीतरी पुढे आहे.

तिच्यातून जे बाहेर आले त्याने सरकारी खाती अस्वस्थ झाली. सर्पदंशाचे मृत्यू वर्षाला 58 हजार, वीस वर्षांत 12 लाख, निम्मे जून ते सप्टेंबर या शेतीच्या दिवसांत. इस्पितळांच्या आकड्यांत यातला थोडाच भाग दिसत होता, कारण बहुतेक माणसे घरी, वाटेत किंवा मांत्रिकाच्या ओट्यावर गेली होती. हिवतापाचा अंदाज 2 लाख 5 हजारांवर गेला, तेव्हा जागतिक आरोग्य संघटना 15 हजार म्हणत होती. त्या आकड्यावरचे भांडण मिटले नाही, आणि मलाही तो चढा वाटतो: घरच्यांच्या सांगण्यावरून हिवताप आणि दुसरा ताप वेगळा काढणे फार अवघड. सापाबद्दल मात्र कोणाचे घर चुकत नाही. (विंचवाबद्दलही नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू शंभरातल्या चाळिसांवरून जवळजवळ शून्यावर आणले ते कोकणातल्या दवाखान्यात टिपणे ठेवत बसल्यामुळेच.)

एक कारण मात्र दाराआडच राहिले. ‘स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू’ ही बातमी ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर रोज असायची, आणि ती आपण रोज उलटून टाकायचो. 2001 या एका वर्षात देशात आगीने सुमारे 1 लाख 63 हजार माणसे गेली असा अंदाज 2009 साली ‘लॅन्सेट’मध्ये आला; दोन तृतीयांश बायका, त्यांतही तरुण. पोलिसांच्या आकड्याच्या कितीतरी पट. इतके स्टोव्ह भडकत नसतात.

आता मोठे चित्र. 2001-03च्या पाहणीत संसर्गजन्य रोग, बाळंतपण, नवजात आणि कुपोषण या गटात 38 टक्के मृत्यू होते, असंसर्गजन्य आजारांत 42. 2021-23च्या अहवालात पहिला गट 23.4 आणि दुसरा 56.7 टक्के. हृदय व रक्तवाहिन्यांचे विकार 19 टक्क्यांवरून सुमारे 31वर. 15 ते 29 या वयात पहिले कारण आत्महत्या, हे मला सगळ्यांत जड जाते.

टक्केवारी वाचताना एक सावधगिरी हवी. बालमृत्यू घटले की हृदयविकाराचा वाटा आपोआप वाढतो. कोणाचेही हृदय बिघडायची गरज नसते. प्रत्येकाला शेवटी कशाने तरी मरायचेच आहे. खरा प्रश्न कोणत्या वयात, हा. 52 देशांच्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी येत होता, इतरत्र 59व्या. या सहा वर्षांचे मूळ शोधताना पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आसपासच्या सहा खेड्यांत गेले. तिथली बाळे जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधली साडेतीन. पण हडकुळ्या दिसणाऱ्या या बाळांत स्नायू कमी आणि चरबी तुलनेने टिकलेली. आईच्या उपासमारीत घडलेले शरीर पुढे सुबत्तेत मधुमेहाकडे झुकते, असा त्यांचा निष्कर्ष. जुनी मरणे गेली आणि नवी आली, अशी सरळ रांग आपल्याकडे लागलेली नाही. जुन्यांनी नव्यांची सोय करून ठेवली आहे.

कोविडने तर आपण अजून 1918च्या वहीपासून फार लांब आलेलो नाही हे दाखवले. 2020मध्ये देशात 81 लाख मृत्यू नोंदले गेले, 2021मध्ये 1 कोटी 2 लाख. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्याची असणार. तरीही त्या वर्षाचे कोविडचे अधिकृत बळी साडेतीन लाखांच्या आतच आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने दोन वर्षांचे जादा मृत्यू 47 लाख धरले, सरकारने ते फेटाळले. या वादाचा निकाल लागणे कठीण, कारण 2020 साली नोंदलेल्या मृत्यूंपैकी वैद्यकीय कारण प्रमाणित झालेले होते फक्त 22.5 टक्के. गोव्यात जवळजवळ सगळे, बिहारमध्ये शंभरात पाचही नाहीत.

जे प्रमाणित होतात त्यांचीही तऱ्हा बघण्यासारखी आहे. इस्पितळातल्या मृत्यूसाठी नमुना 4, घरच्या मृत्यूसाठी 4अ. त्यावर स्पष्ट छापलेले असते की मृत्यू कोणत्या प्रकारे आला ते नको, तो ज्या आजाराने आला तो लिहा. क्रम असा हवा: पहिल्या ओळीत मेंदूतला रक्तस्राव, त्याखाली त्याचे कारण उच्च रक्तदाब, दुसऱ्या भागात मधुमेह. प्रत्यक्षात अनेकदा रात्रपाळीचा शिकाऊ डॉक्टर ‘हृदय व श्वसनक्रिया बंद’ लिहून मोकळा होतो. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. वर्तमानपत्रात ‘अल्पशा आजाराने’ आणि कोतवाल बुकात ‘ताप’, त्यांच्याच पंगतीत हेही बसते. घरच्यांना ते सहसा दिसत नाही, कारण बँकेला, विमा कंपनीला, सातबाऱ्यावर वारस लावायला आपण जो मृत्यू दाखला देतो, त्यावर कारण छापायला कायद्याची मनाई आहे.

1969च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात 2023 साली दुरुस्ती झाली. आता इस्पितळाने आजाराच्या इतिहासासह कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाला द्यायचे आणि एक प्रत जवळच्या नातेवाइकाला, दोन्ही विनामूल्य. माणूस घरी गेला असेल तर अखेरच्या आजारात उपचार करणाऱ्या डॉक्टरनेही ते प्रमाणपत्र पैसे न घेता द्यायचे आहे. त्या घडीला हे मागायचे भान कोणाला नसते, म्हणून आधीच सांगतो: घरातल्या एकाने तरी हे लक्षात ठेवावे. प्रत मागून घ्यावी, नुसते ‘हृदयक्रिया बंद’ लिहिले असेल तर डॉक्टरांना मूळ आजार लिहायला सांगावे, आणि ती प्रत घरच्या कागदपत्रांत जपून ठेवावी. मुलांच्या डॉक्टरला तिचा उपयोग होईल.